झोपेला दोन पंच हवेत

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माणसाने थंडीच्या दिवसांत ताडपत्रीखाली उघड्यावर झोपू नये, असा कायदा नाही. मी तेरा वर्षे अलिबागच्या कोर्टात बेलिफ होतो. कायद्यात काय आहे ते मला पुरते कळले नसेल, पण काय नाही ते साधारण ठाऊक आहे. हे म्हणणे फक्त माझ्या मेव्हण्याचे होते. आमच्या घरात मात्र त्याचे म्हणणे कायद्याच्या वरचे असे.

मेव्हणा म्हणजे दिनानाथ, माझ्या सगुणेचा थोरला भाऊ. कचेरीत हेडक्लार्क. घरी जेवायला बसला तरी पानातले पदार्थ तपासून मगच हात घालणारा माणूस. झाले एवढेच, की पौषातल्या एका सकाळी तळ्याजवळ एका म्हशीला वाट देताना मी सायकलवरून पडलो. म्हशीला काही झाले नाही. मला गुडघ्याला जरा खरचटले. खरा मार लागला दिनानाथला, आणि तो तर त्या वेळी आपल्या घरी दाढी करत होता. संध्याकाळी तो आला, ओटीवर बसला आणि म्हणाला, "हरेश्वरराव, पुरे झाली आता सायकल. आमच्या मोरूला देऊन टाका. त्याला शाळेत जायला रोज चार मैल पडतात."

मोरू म्हणजे त्याचा जावई. नवाच मास्तर झाला होता.

"मोरूला पाय आहेत," मी म्हणालो.

"तुम्हालाही आहेत. ते शाबूत राहावेत म्हणूनच सांगतोय. पेन्शनीत माणसानं देवळात जावं, चालत."

सगुणा दारात उभी होती. तिने भावाकडे बघून मान डोलावली आणि माझ्याकडे बघून पदराची गाठ सोडली, परत बांधली. म्हणजे तिचे मत कुणालाच मिळाले नाही.

इथे त्या सायकलीबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. मी पट्टेवाला होतो. एकेचाळिसाव्या वर्षी रात्रीच्या प्रौढवर्गात अक्षरे शिकलो, परीक्षा दिली, बेलिफ झालो, आणि बेलिफाला गावोगाव समन्स पोचवायचे म्हणून सायकल शिकलो. दोन्ही शिकताना पडलो आणि दोन्ही वेळा लोक हसले. पण घरात जे काही आहे ते एक तर वडिलांचे, नाही तर सासऱ्यांचे, नाही तर सगुणेचे. माझी म्हणावी अशी ती सायकलच. ती मोरूच्या बुडाखाली गेलेली मला बघवली नसती.

"अहो, तुम्हाला थंडी सोसत नाही," दिनानाथचे चालूच होते. "दारं-खिडक्या लावून, फटीत चिंध्या कोंबून झोपता. रात्रभर खोकता. आज तळ्याजवळ पडलात, उद्या खाडीत पडाल."

मला राग आला की मी खरे बोलत नाही, मोठे बोलतो. "खाडीत काय, खाडीपलीकडे जाऊन दाखवतो. नांदगावपर्यंत. रात्री तिथेच उघड्यावर झोपतो आणि दुसऱ्या दिवशी सायकल चालवत परत येतो. मग काय म्हणाल?"

दुसरा कुणी असता तर हसून निघून गेला असता. दिनानाथने खिशातून कागद काढला आणि त्यावर अटी लिहिल्या. एस.टी.त पाऊल टाकायचे नाही, कुणाच्या छपराखाली निजायचे नाही, आणि उघड्यावर रात्र काढल्याबद्दल तिथल्या दोन पंचांच्या सह्या किंवा अंगठे आणायचे. आणले तर सायकल माझी. नाही आणले तर मोरूची.

"झोपेला पंच?" मी विचारले.

"तुम्ही कोर्टातले. तुम्हाला नको का नियमानं?"

मी खाली सही ठोकून दिली.

ही बातमी आळीत पसरायला सगुणेच्या चुलीवर भात शिजायचा अवकाश लागला नाही. सगळे सल्ला द्यायला आले. तुळशीकाकूंनी हिंगाची पुडी दिली. झोपण्याच्या जागेभोवती हिंगाचे पाणी शिंपडले की साप येत नाही म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या न्हाणीत गेल्याच वर्षी साप निघाला होता, तेव्हा हिंग कुठे होता, हे मी विचारले नाही. शेजारचा शिवदास भातगिरणीत कामाला. त्याने गिरणीतली जुनी ताडपत्री आणून दिली. ती एवढी जड, की दोघांनी उचलून कॅरियरवर ठेवली तेव्हा सायकलने पुढचे चाक उचलले.

"हिचं तोंड पूर्वेला करा," शिवदासने सांगितले. "वारा समुद्रावरून येतो. पाठ समुद्राकडं, तोंड डोंगराकडं. उबेत झोपाल."

शिवदास घाटावरून आलेला माणूस. मी या किनाऱ्यावर जन्मलो. पण त्याने इतक्या खात्रीने सांगितले, की मी मान हलवली. आयुष्यात माझे जेवढे नुकसान झाले ते खात्रीने बोलणाऱ्यांमुळे झाले आहे.

सगुणेने भाकरी, जवळ्याची चटणी आणि ओव्याची पुरचुंडी बांधून दिली. गरम कपडा म्हणून घरात एकच, माझा नोकरीतला खाकी कोट. तो तिने अंगात चढवला, वरचे बटण लावले आणि म्हणाली, "जावा. पण वाटेत कुणाशी भांडू नका."

"मी झोपायला चाललोय."

"म्हणूनच सांगते. तुमी झोपेत पण भांडता."

पहाटे निघालो. मला वाटले होते आळी झोपेत असेल. सगळी आळी कानटोप्या घालून ओट्यांवर उभी होती. दिनानाथ घड्याळ हातात घेऊन होता आणि मोरू माझ्या सायकलीकडे, नवरा मुलगा मुलीकडे बघतो तसा, चोरून बघत होता.

रेवदंड्यापर्यंत अकरा मैल मी एकदाही उतरलो नाही. गार वारा, दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, आणि मी. गुडघा दुखत होता, पण तो माझा गुडघा होता. दुखवायचा की नाही ते मी ठरवणार.

खाडीवर आलो तर ओहोटी. पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, पाणी भरेपर्यंत सुटणार नव्हती. दोन तास बसून होतो. शेवटी होडी लागली, तसा मी सायकल घेऊन पुढे झालो. तरीवाला धर्मा म्हणून एक सुकलेला, काळा, बारीक डोळ्यांचा माणूस होता. त्याने हात आडवा धरला.

"ही कोन?"

"सायकल."

"फलक वाच."

फलक वाचायला सांगितलेले मला अजून आवडते. मी मोठ्याने वाचला. माणूस, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, बैलगाडी रिकामी, बैलगाडी भरलेली, डोक्यावरचे ओझे.

"यात सायकल हाय?"

"नाही."

"मंग होडीन पन न्हाय."

"अहो, पण मी नोकरीत असताना न्यायचो की!"

"तवा तू सरकार होतास. आता कोन हायस?"

या प्रश्नाचे उत्तर मला पेन्शन सुरू झाल्यापासून सापडलेले नाही. होडीतली माणसे कंटाळली. एक म्हातारा म्हणाला, "धर्मा, त्याला ओझं म्हनून घे की."

"घेतो. पन डोक्यावर पायजे. फलकावर डोक्यावरचं ओझं लिवलंय."

मी ताडपत्री होडीत टाकली आणि सायकल डोक्यावर घेतली. मला वाटले, आत शिरेपर्यंतच. बसल्यावर खाली ठेवू लागलो तर धर्मा वल्हे थांबवून म्हणाला, "खाली उतारली की ते ओझं र्‍हात न्हाय." पूर्ण खाडी मी डोक्यावर सायकल धरून पार केली. मधे वाऱ्याने मागचे चाक आपोआप फिरू लागले. समोर बसलेली एक कोळीण पदर तोंडात कोंबून हसत होती. मी कोटाचे बटण नीट केले आणि समुद्राकडे बघत राहिलो. मानी माणसाला अशा वेळी समुद्राचा फार आधार असतो.

पलीकडचा रस्ता नवाबाच्या वेळचा, आणि नवाब गेल्यापासून त्याच्याकडे कुणी पाहिलेले दिसत नव्हते. चढणीवर ताडपत्री तीनदा घसरली. तिसऱ्यांदा ती आपणहून उलगडत उतारावरून पाऊण फर्लांग मागे गेली. ती गुंडाळताना आतून कोंडा निघाला आणि कोंड्यातून एक उंदीर निघाला. अलिबागहून माझ्या जिवावर खाडी ओलांडून आलेला तो उंदीर माझ्याकडे न बघता करवंदीच्या जाळीत निघून गेला. तेव्हा पहिल्यांदा वाटले, आपणही परत फिरावे. लगेच मोरूचे बूड डोळ्यांपुढे आले, आणि मी सायकल ढकलू लागलो.

उन्हे कलली तेव्हा नांदगावची हद्द लागली. हद्दीच्या आत, समुद्राला लागून, एक लहान वाडी होती. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या माणसांना आपले नाव कागदावर आलेले खपत नाही, हे पुढे कळेलच. दहा-बारा कोळ्यांची घरे, मागे शेतकऱ्यांची पाच-सहा, त्यांच्यामागे भात काढल्यावर पेरलेली वालाची शेते. किनाऱ्यावर एक मोठे उंडीचे झाड. मी त्याखाली सायकल टेकवली, ताडपत्री उतरवली, आणि ती किती जागा घेईल ते बघायला पावलांनी जमीन मोजू लागलो. चार पावले अशी, सहा पावले तशी. मग खिशातून दिनानाथचा कागद काढला, पंचांच्या जागा कुठे सोडल्यात ते पाहिले, आणि वाडीत शिरलो.

वाडीत कुणी नव्हते. मघाशी लांबून मला बायका दिसल्या होत्या, धूर दिसला होता, कोंबड्या दिसल्या होत्या. आता कोंबडीसुद्धा नाही. पहिल्या घराची कडी वाजवली.

आतून आवाज आला, "घरान कोन न्हाय!"

दुसऱ्या घराला बाहेरून कुलूप, आणि आत कुणीतरी खोकत होते. तिसऱ्या घरातून एक माणूस पाटा छातीशी धरून मागच्या दाराने पळताना दिसला. पाटा घेऊन माणूस का पळेल, हे काही मला समजेना. पोलीस पाटलाचे घर विचारावे तर विचारायला माणूस नाही. मला वाटले, समुद्रावरच्या लोकांच्या निजायच्या वेळा वेगळ्या असतील. सह्या सकाळी घेऊ, असे ठरवून मी परत आलो.

ताडपत्री उभी करणे हा वेगळाच अध्याय आहे. तिची एक दोरी उंडीला बांधली. दुसऱ्या बाजूला झाड नव्हते, म्हणून ती सायकलीच्या हँडलला बांधली आणि सायकल दोन धोंड्यांत उभी केली. शिवदासने सांगितल्याप्रमाणे तोंड पूर्वेला, पाठ समुद्राला. भोवती तुळशीकाकूंच्या हिंगाचे पाणी शिंपडले. भाकरी खाल्ली. अंधार पडला, कानटोपी ओढली आणि आत शिरलो. खाली वाळू, वर भाताचा वास, फटीतून चांदण्या. खरे सांगतो, फार बरे वाटले. घरी दारे-खिडक्या लावून खोकत पडणारा तो मीच का, असे वाटले. छप्पन्न वर्षांत मी एवढ्या कमी परवानग्या काढून कधी झोपलो नव्हतो.

तेवढ्यात समुद्रातून शेळी ओरडली.

मी कान टवकारले. लाटांचा आवाज, आणि त्यातून स्पष्ट, "बें". मग दुसरी. मग एक कोंबडा. मी उठून बसलो. माणसाला ताप चढला की असे भास होतात, हे मी ऐकले होते. कपाळाला हात लावला, कपाळ गार. बाहेर डोके काढले, तर समुद्रावर काळोख आणि काळोखात शेळ्या ओरडतायत. दिनानाथ म्हणाला होता ते खरे असावे, माझे वय झाले, असे मनात आले आणि मी चादर डोक्यावरून घेऊन पडून राहिलो.

मध्यरात्री मतलई सुटली. इथे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहितो. थंडीत आमच्याकडे दिवसा वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि रात्री उलटा, डोंगराकडून समुद्राकडे जातो. त्यालाच मतलई म्हणतात. तिच्यावरच होड्या पहाटे समुद्रात जातात. आमच्याकडचे शेंबडे पोरही हे सांगेल. घाटावरच्या शिवदासला हे माहीत नव्हते आणि मी विचार केला नाही. मी ताडपत्रीचे तोंड बरोबर मतलईकडे करून ठेवले होते.

ताडपत्री आधी फुगली. मग "फट्" करून शिडासारखी वर गेली. दोरीबरोबर सायकल ओढली गेली, धोंडे सुटले, सायकल माझ्या पोटावर आडवी पडली आणि घंटी वाजू लागली. चादरीत गुंडाळलेला मी, माझ्यावर सायकल, सायकलीला बांधलेली ताडपत्री, आणि आम्ही सगळे मिळून समुद्राकडे निघालो. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण सगुणा म्हणाली होती तसे ते भांडणाचेच होते.

वालाच्या शेताकडून झावळ्यांच्या चुडी पेटवून माणसे धावत आली. सगळ्यांत पुढे सदा म्हणून एक दांडगा शेतकरी आणि त्याची बायको ठमी. त्यांनी मला चादरीतून सोडवले. ठमीने चूड माझ्या तोंडाजवळ धरली.

"ह्योच त्यो!" ती म्हणाली. "खाकी कोटवाला. राती जप्ती करतंय व्हय रं? तुना लाज हाय का?"

"जप्ती? कसली जप्ती?"

"सांजचे तू जमीन मोजलीस. कागूद घेऊन घरोघर फिरलास. सामान झाकाला ताडपत्री घेऊन आयलास. आनखी काय जप्तीला शिंगं असतात?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तेरा वर्षे या वाटेने मी याच कोटात, याच सायकलवरून येत होतो. आणि जप्तीचा माल झाकायला आमच्याकडे अशीच ताडपत्री असे.

"आणि शेळ्या?" मी हळूच विचारले.

सदा समुद्राकडे बोट दाखवून म्हणाला, "होड्यांन. भांडी, शेल्या, कोंबड्या, समदं तिकडं हाय. जप्ती कराची तं ये पोहत!"

मला भास झाला नव्हता, याचा मला एवढा आनंद झाला की मी हसलो. ते हसणे त्यांना आवडले नाही.

"अरे बाबांनो, मी पेन्शनीत निघालो. मी जप्तीला नाही, झोपायला आलोय."

"झोपाला? घर पडलं तुजं?" ठमीने विचारले.

"नाही."

"बायकोनं हाकाललं?"

"नाही."

"येडा हायस?"

"नाही."

"मंग क्याला उगड्यावर निजतंस?"

माझ्याकडे बरीच उत्तरे होती. माणसाचा मान, सायकल, स्वतःची म्हणावी अशी एक वस्तू. यातले एकही रात्री बारा वाजता, चुडीच्या उजेडात, ओल्या वाळूत उभे राहून सांगता येण्यासारखे नव्हते. शेवटी म्हणालो, "मेव्हण्यानं पैज लावली."

सगळ्यांचे चेहरे एकदम उतरले.

"मेवना," सदा म्हणाला.

"मेवना," मागून दोघे-तिघे म्हणाले. कुणीतरी चुकचुकले. ठमीने चूड बाजूला घेतली. "आगोदर सांगाचं न्हाय व्हय? चल, पोपटी खा." आणि सदाने समुद्राकडे तोंड करून हाक मारली, "परत या रं! जप्ती न्हाय! मेवना हाय!"

ती पोपटी मी विसरणार नाही. वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात ठासून, मडके शेतात उपडे ठेवून भोवती गवत-पेंढा पेटवलेला. मडके उघडले की जो वास येतो, तो घरात कधी येत नाही. त्याला शेतच लागते आणि थंडीच लागते. ताडपत्री आम्ही खाली अंथरली. तिचा खरा उपयोग तोच होता. होड्या परत आल्या. शेळ्यांना समुद्र लागला होता. त्या किनाऱ्यावर उतरल्या आणि पाय फाकवून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून कमरेएवढ्या पाण्यातून एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन आली. नीराबाई. मी तिला ओळखले नाही. तिने मला ओळखले.

"समनवाल्या! नऊ वरसं मना सोदत होतास, आता बस बाजूला."

नीराबाई! एका नारळाच्या झाडावरून दोन भाऊ कोर्टात गेले होते. झाड एकाच्या परसात आणि नारळ दुसऱ्याच्या. त्यात ही साक्षीदार. तिचे समन्स घेऊन मी किती वेळा आलो असेन, त्याची गणती नाही.

"दर वेळी तू म्हणायचीस नीराबाई माहेरी गेली," मी म्हणालो.

"आन् एकदा मेली म्हनून सांगितलं. तू टोपी काढलीस आन् हलहलून गेलास. मना लई वायट वाटलं तवा. वाटलं, येवडा रडतंय तं घ्यावं समन." सगळे हसले. "पन न्हाय घेतलं."

शेंगा संपत आल्या तेव्हा मी कागद काढला. चूक तिथेच झाली. आत्तापर्यंत माझ्या पाठीवर थापा पडत होत्या. कागद दिसला आणि सगळ्यांचे हात कुठेतरी गेले. कुणाचे कमरेला, कुणाचे काखेत, कुणाचे मडक्यात.

"जप्ती नाही," मी म्हणालो. "वाचून दाखवतो." आणि शेकोटीच्या उजेडात वाचले, "आम्ही खाली सह्या किंवा अंगठे करणार पंच लिहून देतो की हरेश्वर हा आमचे समक्ष, उघड्यावर, कोणत्याही छपराशिवाय, स्वखुशीने रात्रभर झोपला."

सदा म्हणाला, "येवड्यासाठी कोन कागूद करतंय? आत काय तरी वेगलं असनार."

"अरे, आहे तेच वाचलं."

"कागूद वाचतो तवा गोड वाचतो. मागनं समजतं."

मी कागद खाली ठेवला. कारण एकेचाळीस वर्षे मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो. अक्षर येत नव्हते तेव्हा पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर मी अंगठा दिला होता, घाबरून, समोरच्याला राग येऊ नये म्हणून. पुढे अक्षरे आली आणि मला वाटू लागले, की न देणारे अडाणी. तेरा वर्षे मी रिपोर्टात तसेच लिहीत आलो, "इसम अडाणी असल्याने सही देण्यास नाकारतो." त्यातले सगळे इसम आता माझ्याभोवती बसून वालाच्या शेंगा सोलत होते.

नीराबाईने आपला हात पुढे केला. मला वाटले, ती तयार झाली. तिने अंगठा आत घेतला, वर चार बोटे मिटली आणि ती मूठ माझ्यापुढे धरली.

"तू निजलास ते आमी बगनार. सकालीं कोनी इचारलं तं तोंडानं सांगनार. तुज्यावर इस्वास हाय. पन ह्यो माजा हाय." आणि तिने मूठ हलवली. "ह्यो कोनाला न्हाय."

"मग माझी सायकल जाईल."

"कशी जाईल? तुजी हाय ना?"

"मी लिहून दिलंय."

"तं तू क्याला दिलंस? तुना तं वाचता येतं!"

यावर सगळी वाडी हसली. सर्वांत जास्त हसली ठमी. मग तिने मला गोधडी दिली. मी शेकोटीशी, ताडपत्रीच्या एका टोकाला, आभाळाखाली झोपलो. दुसऱ्या टोकाला आजारी शेळ्या होत्या. खोकला एकदाही आला नाही. याला पंच बारा आणि शेळ्या आठ, पण कागदावर कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना चढण कमी वाटली की राग जास्त होता, सांगता येत नाही. तरीवर धर्मा नव्हता, त्याचा भाऊ होता. त्याने सायकलीकडे बघून न विचारता तिला मेंढी ठरवली आणि मी उभ्या मेंढीला धरून आरामात खाडी ओलांडली. दिवेलागणीला आळीत शिरलो. पाय थरथरत होते, म्हणून मी घंटी जरा जोरात वाजवली.

ओटीवर दिनानाथ बसला होता. शेजारी मोरू, लेंग्याला सायकलच्या क्लिपा लावून तयार. शिवदास, तुळशीकाकू, सगळे आपापल्या ओट्यांवर.

"या," दिनानाथ म्हणाला. "पंच?"

पंचांच्या जागा कोऱ्या असलेला कागद मी त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडाला धरला, उलटा करून पाहिला.

"सह्या नाहीत."

"नाहीत."

"अंगठेही नाहीत. मग तुम्ही तिथं झोपलात हे कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

"असं कोर्टात चालतं का, हरेश्वरराव?"

"कोर्टात चालत नाही. ही माझी ओटी आहे."

"ते ठीक. पण अट म्हणजे अट." दिनानाथने दुसरा कागद काढला. तो घरूनच लिहून आणलेला होता, सुंदर अक्षरात. मी माझी सायकल चिरंजीव मोरू यास स्वखुशीने देत आहे. त्याने पेनाचे टोपण काढले आणि पेन माझ्या हातापाशी आणले. मोरू उठून उभा राहिला.

मी उजव्या हाताचा अंगठा आत घेतला, वर चार बोटे मिटली, आणि मूठ गुडघ्यावर ठेवली.

"सही करा."

"नाही."

"कारण?"

"कारण नाही."

"अहो, अट तुम्हीच मान्य केली होती!"

"केली होती. तशी मी नांदगावला जाऊन, झोपून, चालवत परत आलो. बारा माणसांनी पाहिलं. त्यांनी पाहिलं, एवढं मला पुरे आहे. ते तुम्हाला पुरत नसेल, तर तो तुमचा प्रश्न."

दिनानाथचे पेन तसेच. शाईचा एक थेंब टोकाला जमला आणि त्याच्या स्वच्छ धोतरावर पडला. तो खूप हळू, मुलाला समजावतात तसे म्हणाला, "हरेश्वरराव, सही येते ना तुम्हाला?"

"येते," मी म्हणालो. "म्हणूनच करत नाही."

दिनानाथने आपल्या बहिणीकडे पाहिले. इतकी वर्षे त्याने बघितले की ती मान डोलावत असे. सगुणा दारातून पुढे आली, ओटी उतरली, सायकलचे हँडल दोन्ही हातांनी धरले आणि ती सरळ माजघरात नेऊन भिंतीला टेकवून ठेवली. घरात सायकल आणू द्यायची नाही म्हणून चौदा वर्षे माझ्याशी भांडणारी बाई ती. बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, चहा ठेवलाय. घेऊन जा."

दिनानाथने चहा घेतला नाही. त्याने कागदाची घडी घातली, मोरूला खूण केली आणि दोघे निघाले. घर त्यांचे दोन मैलांवर. चालतच गेले. मोरूच्या लेंग्याच्या क्लिपा काढायच्या राहिल्या होत्या, त्या आळीच्या टोकापर्यंत चमकताना दिसत होत्या.